विमानाचा सव्वा तास आणि रुग्णाचे सात तास

सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात पहाटे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या छातीत दुखू लागते. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाला फोन जातो. तो मोबाइलवर पाहतो. नांदेड ते मुंबई, विमानतळापासून विमानतळापर्यंतचे अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आत, वेळ सव्वा तास. त्याला हायसे वाटते. ‘नांदेडपर्यंत आणा, तिथून विमानाने इकडे आणू, इथे मोठे डॉक्टर आहेत,’ असे तो सांगतो. प्रसंग कल्पनेतला असला तरी हिंगोली जिल्ह्यातल्या वाचकांना तो परका वाटणार नाही. मुलाची तळमळ खरी असते आणि त्याने पाहिलेला आकडाही खोटा नसतो. तरीही त्यावरून घेतलेला निर्णय जिवावर बेतू शकतो. तो सव्वा तास विमानाचा असतो, वडिलांचा नसतो.

हा आकडा येतो कुठून, ते आधी पाहू. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले, की पृथ्वीच्या गोलावर त्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग गणिताने काढता येतो. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोन ठिकाणी बोट ठेवून मध्ये दोरा ताणून धरावा, तसा हा मार्ग. या हिशेबाने नांदेडपासून मुंबई सुमारे ४७० किलोमीटर, पुणे सुमारे ३६५, नागपूर २८० आणि हैदराबादचे शमशाबाद विमानतळ २५० किलोमीटर भरते. दिल्ली १,०४० किलोमीटरवर, आणि जवळजवळ नाकासमोर उत्तरेला. नांदेड, हिंगोली आणि दिल्ली ही तिन्ही शहरे ७७ अंश रेखांशाच्या आसपासच वसलेली आहेत, ही गंमत नकाशा पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

वेळेचा आकडा मात्र इतका सरळ नाही. पुष्कळदा अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागून त्यात चढ-उताराचा अर्धा तास मिळवलेला असतो. हा वेग जेट विमानाचा, तोही वर गेल्यानंतरचा. लहान मार्गांवर पंख्याची एटीआर विमानेही चालतात. त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या घरात. शिवाय अंतर कमी असले, की विमान पूर्ण वेगाने फार वेळ उडतच नाही. वर चढून स्थिरावते न स्थिरावते तोच उतरायची तयारी सुरू होते. आकाशातही ठरलेले रस्ते आहेत. दोरा ताणल्यासारखे विमान जात नाही. वाऱ्याच्या दिशेनुसार कोणत्या टोकाने उडायचे-उतरायचे ते ठरते आणि त्यासाठी वळसा पडतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमान शहरावर घिरट्या घालत राहते. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून वारे वाहतात, म्हणून मुंबईहून कोलकात्याला जाताना वेळ वाचतो आणि परतताना तो खर्ची पडतो. नांदेड-मुंबईसारख्या छोट्या मार्गावर हा फरक काही मिनिटांचाच.

विमान कंपन्यांना हे सगळे ठाऊक असते. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा वेळ धरून त्या वेळापत्रक बनवतात. तिकिटावरचा सव्वा तास म्हणजे एवढाच तुकडा. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा वेळ तिकिटावर छापलेला नसतो.

तो मांडून पाहू. सेनगावच्या बाजूच्या गावातून गाडी मिळवून हिंगोलीला पोहोचायला तास. हिंगोलीहून कळमनुरी, वारंगा फाटा, अर्धापूरमार्गे नांदेड. नव्वद किलोमीटरच्या आत-बाहेरचा रस्ता. वारंगा फाट्यावर खिचडीला न थांबताही दोन तास धरावे लागतात. देशांतर्गत विमानाचे काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होऊ शकते, म्हणजे सव्वा तास आधी पोहोचायला हवे. मग विमानाचा सव्वा तास. मुंबईत उतरून, सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास. तिथून रुग्णालयापर्यंत, वाहतुकीच्या दयेवर, एक तास. बेरीज सात तासांची होते आणि त्यात विमानाचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी. हे सारे फोन झाला त्याच क्षणी गाडी निघाली आणि विमानही नेमके त्या वेळेला होते, असे धरून. रात्री अकराला दुखू लागले तर पुढच्या विमानापर्यंतचे तास वेगळे मोजायचे.

विमान असेलच, याचीही हमी नसते. ‘उडान’ योजनेतल्या पहिल्या विमानांमध्ये २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेली नांदेड-हैदराबाद सेवा होती. मराठवाड्याने तिचे कौतुक केले आणि ते रास्त होते. पुढे ती चालवणारी कंपनीच २०२२ मध्ये थांबली. दोन वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, दुसऱ्या कंपनीने नांदेडहून विमाने सुरू केली. मार्ग सुरू होतात, बदलतात, बंद पडतात. व्यापारी, नोकरदार आणि हजूर साहिबचे यात्रेकरू यांची अशाने गैरसोय होते, इतकेच. आजारी माणसाने मात्र अशा सेवेवर भिस्त ठेवू नये.

आता वैद्यकशास्त्र वेळेबद्दल काय सांगते, ते पाहू. हिंगोली जिल्ह्याचा खरा प्रश्न इथेच आहे.

हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने पूर्ण बंद झाली, की तिच्या पलीकडचा स्नायू मरू लागतो. ती उघडण्याचे दोन मार्ग आहेत. एक अँजिओप्लास्टी : मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून धमनी फुग्याने उघडणे. दुसरा गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. अँजिओप्लास्टी अधिक चांगली, यात वाद नाही, पण ती वेळेत झाली तर. जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ त्यासाठी एक सीमा पाळतात : ईसीजीवर निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत धमनी उघडता येणार असेल तरच थेट अँजिओप्लास्टीसाठी थांबावे. तेवढ्यात होणार नसेल तर वाट पाहू नये. आहे त्या रुग्णालयात इंजेक्शन द्यावे आणि मग रुग्णाला मोठ्या रुग्णालयाकडे रवाना करावे. युरोपातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे इंजेक्शन निदानानंतर दहा मिनिटांत सुरू व्हायला हवे. ते सर्वांना चालत नाही. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालेला, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेली अशा रुग्णांना त्यात धोका असतो, म्हणून निर्णय डॉक्टरांचाच. पण तो निर्णय घेऊ शकणारा डॉक्टर आणि ते औषध जवळ असले पाहिजे.

ही १२० मिनिटांची रेघ जिल्ह्याच्या नकाशावर ओढली तर काय दिसते? अँजिओप्लास्टीची सोय नांदेडला आहे. वसमतहून नांदेड तासाभराच्या आत. तिथल्या रुग्णाने ईसीजी काढून लगेच नांदेड गाठले, तर तो रेघेच्या आत राहू शकतो. हिंगोली शहर रेघेवरच येते. दोन तास रस्त्यातच गेले, तर रुग्णालयाच्या दारापासून टेबलापर्यंतची मिनिटे कुठून आणायची? सेनगाव तालुक्यातली गावे रेघेच्या पार बाहेर. औंढ्याकडच्या काही गावांना परभणी सोयीची, सेनगावच्या काहींना रिसोड-वाशीम जवळ; तिथे त्या वेळी काय सोय आहे त्यावर सगळे अवलंबून. म्हणजे जिल्हा एक, आजार एक, तरी वसमतच्या रुग्णासाठी योग्य ठरणारा निर्णय सेनगावच्या रुग्णासाठी चुकीचा ठरू शकतो. फरक फक्त मिनिटांचा. ‘मोठ्या ठिकाणी न्या’ हा आपल्याकडचा सरसकट सल्ला म्हणून धोक्याचा आहे. मोठ्या ठिकाणी न्यायचेच असते, पण पुष्कळांना आधी जवळच्या ठिकाणी थांबून.

पक्षाघातात घड्याळ आणखी कडक असते. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावाच लागतो, कारण रक्तस्राव असेल तर हेच औषध घातक ठरते. सात तासांच्या मुंबई प्रवासात ही मुदत वाटेतच संपते, बहुधा विमान उडण्याआधीच. झोपेतून उठताना तोंड वाकडे झालेले दिसले, तर मुदत उठल्याच्या वेळेपासून मोजत नाहीत. रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. हे बहुतेक घरांत माहीत नसते. सर्पदंशात तर लांब नेण्याचा विचारही नको. सोयाबीन-हळदीच्या शेतात पावसाळ्यात साप चावला, तर प्रतिविष जिथे सर्वांत आधी मिळेल तेच सर्वांत चांगले रुग्णालय.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालके होती. देशभर त्याची चर्चा झाली. औषधे, मनुष्यबळ, खाटा यांवर बोलले गेले आणि ते बोलणे आवश्यकच होते. आसपासच्या ७०-८० किलोमीटरच्या परिसरात एवढे मोठे रुग्णालय हे एकच, म्हणून लांबून आणि गंभीर अवस्थेत रुग्ण येतात, हेही तेव्हा सांगितले गेले. यातली जबाबदारी ज्याची त्याची, पण ७०-८० किलोमीटर म्हणजे वेळेत किती, आणि त्या वेळात रुग्णावर काय उपचार झाले, हा प्रश्न चर्चेत फारसा पुढे आला नाही. नवजात बाळाला थंडी बाजू न देता, श्वासाला आधार देत दोन तास नेणे आणि दुपट्यात गुंडाळून जीपमध्ये नेणे, यांत अंतर तेच असते.

एअर अँब्युलन्सचा विषय अलीकडे वारंवार निघतो. पैशाचा भाग सोडला, तरी तिचाही हिशेब दारापासूनच करावा लागतो. विमान नांदेडला उभे नसते. मोठ्या शहरातून ते आधी यावे लागते, त्याला परवानगी लागते, रुग्णाला प्रवासापूर्वी स्थिर करावे लागते. तिचा खरा उपयोग पहिले उपचार झालेल्या, पण पुढच्या शस्त्रक्रियेसाठी दूर न्यावे लागणाऱ्या रुग्णाला होतो. पहिल्या दोन तासांसाठी १०८ आहे. महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी ही सेवा सुरू झाली आणि तिने किती जीव वाचवले ते गावोगावचे लोक जाणतात. ती किती वेळात येते, हे मात्र गावागणिक वेगळे.

विमानाचे मोल नेमके कळते ते अवयवदानात. काढलेले हृदय बर्फाच्या पेटीत साधारण चार तास टिकते, यकृत बारा तासांच्या आसपास, मूत्रपिंड एक दिवस किंवा थोडे अधिक. म्हणून अवयव निघताना मिनिटामिनिटाचे नियोजन होते. पोलीस रस्ता मोकळा ठेवतात, विमान तयार असते, समोरच्या शहरात शस्त्रक्रिया आधीच सुरू झालेली असते. इथे विमानाचा सव्वा तास खरोखर सव्वा तासच राहतो, कारण त्याच्या दोन्ही बाजूंचा वेळ माणसांनी जाणीवपूर्वक आवळलेला असतो. हृदयाच्या पेटीसाठी जे जमते, ते छातीत दुखणाऱ्या माणसासाठी थोड्या प्रमाणात तरी का जमू नये?

तातडी नसलेल्या रुग्णांनी विमानाने जरूर जावे. कर्करोगाच्या उपचारासाठी, बायपासच्या तारखेसाठी, लहान मुलाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबई-हैदराबादला जाणाऱ्यांना रात्रभर बसमध्ये अवघडण्यापेक्षा ते बरे. २०२४ पासून जनशताब्दी हिंगोलीहून थेट मुंबईला जाते, पण तिला दिवसाचा मोठा भाग लागतो. विमानाने जाताना दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. विमानातली हवा जमिनीवरच्यासारखी नसते. आतला दाब साधारणपणे सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या ठिकाणाएवढा असतो. निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतो आणि त्याला काही कळतही नाही. पण हिमोग्लोबिन फार कमी असलेले, सिकलसेलचे रुग्ण, फुप्फुसाचा जुना आजार असलेले, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेले यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावे. दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रीला कंपन्या प्रमाणपत्र मागतात, शेवटच्या आठवड्यांत बसूच देत नाहीत.

दुसरी गोष्ट पायांच्या शिरांमधल्या गुठळीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात आढळले, की चार तास किंवा त्याहून अधिक वेळ हालचाल न करता बसून प्रवास केला, तर अशी गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. हे विमानाइतकेच बस, रेल्वे आणि मोटारीलाही लागू आहे. मूळ धोका लहान आहे, घाबरण्याचे कारण नाही. पण ‘सव्वा तासाचे तर विमान आहे’ म्हणून निर्धास्त राहणारा हिंगोलीचा प्रवासी प्रत्यक्षात सात तास बसलेला असतो. शस्त्रक्रिया होऊन परतणाऱ्या, लठ्ठ किंवा पूर्वी गुठळी झालेल्या माणसाने वाटेत दर तासा-दोन तासांनी उतरून चार पावले टाकावीत, पाणी पीत राहावे. एवढ्यासाठी वारंगा फाट्यावर थांबायला हरकत नाही.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो’ची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधल्या अंतरात प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी बदल झाला तरी अशा वेधशाळेला तो टिपता येतो. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा एकमेकींपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली गेली तेव्हा ती एका ठिकाणाहून दुसरीकडे सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी पोहोचली, आणि एवढ्या फरकावरून ती आकाशाच्या साधारण कोणत्या भागातून आली याचा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधला. दोन ठिकाणांमधला प्रवासवेळ नेमका मोजला तर काय हाती लागते, याचे याहून मोठे उदाहरण नाही. अशा जिल्ह्यात सेनगावच्या एका गावातून ईसीजीच्या यंत्रापर्यंत पोहोचायला किती मिनिटे लागतात, हे मोजून लिहून ठेवलेले असावे, ही मागणी अवाजवी नाही.

अशी मोजणी कशी करायची याची पद्धत तयार आहे. ऑक्सफर्डच्या मलेरिया नकाशा प्रकल्पातल्या संशोधकांनी रस्ते, नद्या, चढ-उतार लक्षात घेऊन जगभरच्या आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचायला लागणाऱ्या वेळेचा नकाशा २०२० मध्ये प्रसिद्ध केला. वाहन मिळाले तर जगातल्या सुमारे ९ टक्के लोकांना तासाभरात उपचारांपर्यंत पोहोचता येत नाही, आणि पायी जावे लागले तर हेच प्रमाण ४३ टक्के होते, असे त्यात दिसले. वाहन मिळणे न मिळणे एवढ्यावर किती फरक पडतो, ते या दोन आकड्यांत आहे. पण नकाशावरचा रस्ता पावसाळ्यात ओढ्याखाली जातो, हे ऑक्सफर्डला दिसणार नाही. ते तलाठी, आशाताई आणि १०८ च्या चालकांना ठाऊक असते.

हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा जिल्हा झाला. तालुके पाचच आहेत. एवढ्या छोट्या जिल्ह्यात गावनिहाय तीन आकडे काढणे अवघड नाही : फोन केल्यापासून रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे, तिथून ईसीजी निघेपर्यंतची आणि ईसीजीपासून इंजेक्शन मिळेपर्यंतची. रुग्णवाहिकेच्या फोनची आणि पोहोचल्याची वेळ नोंदली जातेच. रुग्णालयाच्या केसपेपरवरही वेळ असते. हे दोन कागद एकत्र ठेवून पाहायचे आहेत. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्याच्या विद्यार्थ्यांना सामाजिक वैद्यकशास्त्राच्या अभ्यासात गावे फिरायचीच असतात. त्यांच्याकडे हे काम सोपवता येईल. आकडे हाती आले, की गुठळी विरघळवणारे औषध कोणत्या ग्रामीण रुग्णालयात रात्रीही असायला हवे आणि ईसीजी मोबाइलवरून तज्ज्ञाला दाखवण्याची सोय आधी कुठे करायची, हे जिल्हा नियोजनाच्या बैठकीत अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

तोपर्यंत घरातल्यांनी करायचे ते असे. छातीत दुखून घाम फुटला, तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर मुलाला फोन करण्याआधी १०८ ला करा. आपल्या जवळ ईसीजी कुठे निघतो आणि रात्री डॉक्टर कुठे असतात, हे आजच, घरात सगळे ठणठणीत असताना, आशाताईंना विचारून ठेवा. पहिल्या रुग्णालयातून पुढे निघताना ईसीजीचा कागद आणि दिलेल्या इंजेक्शनची वेळ लिहिलेली चिठ्ठी मागून घ्या. आणि दुखणे किती वाजता सुरू झाले, माणूस शेवटचा ठीक कधी दिसला, ते घड्याळात पाहून कागदावर लिहा व तो रुग्णाच्या खिशात ठेवा. नांदेड असो की मुंबई, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.